अस्वल मारायचा मुहूर्त



दरवर्षी चैत्र लागला की आमच्या जुन्या पलटणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरायला लागतो. काश्मीरमधल्या नाहीतर गढवालमधल्या कुणा गरिबाचा, अस्वलाने फाडलेला चेहरा. खाली मजकूर साधारण तोच असतो. अमेरिकेत वसंतात काळ्या अस्वलाची शिकार कायद्याने चालते, आपल्याकडेही बर्फ वितळला की महिनाभर खुली करा, रिटायर्ड फौजींना लायसन द्या, प्रश्न मिटेल. त्याखाली अंगठे आणि सलाम यांची रांग. यंदा एका मित्राने थेट मलाच विचारलं, "भाऊ, तू पहाडात बरीच वर्षं काढलीस. वसंतात नेमका कोणता आठवडा चांगला, ते तरी सांग."

सांगतो. ग्रुपवर चार ओळींत मावणार नाही म्हणून इथे लिहितोय. उत्तर बऱ्याच जणांना आवडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी काही अस्वलाच्या गळ्यात पडणारा माणूस नाही. माझं गाव बुलढाणा जिल्ह्यात, ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूला. आमच्याकडची अस्वलं वेगळ्या जातीची, लांब केसांची, वारुळं फोडणारी, पण माणसाशी वागणं तेच. मी सातवीत असताना माझ्या मामाला शेळ्या चारताना अस्वलाने धरलं. मामा वाचला. डावा डोळा गेला, गालाचं मांस गेलं, आणि त्यानंतर त्याने कुठल्याही लग्नात फोटो काढू दिला नाही. त्यामुळे "प्राण्यांवर प्रेम करा" असं शहरातल्या सोफ्यावरून सांगणारा मी नव्हे. फोटोतला तो चेहरा मी घरात पाहिलेला आहे.

आता मुहूर्ताकडे वळू. वसंतातल्या शिकारीचं शास्त्र मला शिकवलं ते एका अमेरिकन सार्जंटने. २०२२ च्या नोव्हेंबरात उत्तराखंडात औलीला भारत-अमेरिकेचा 'युद्ध अभ्यास' झाला. त्यांच्याकडून आलेली ब्रिगेड अलास्कात असणाऱ्या ११व्या एअरबोर्न डिव्हिजनची होती. मी आमच्या बाजूने मदतीच्या तुकडीत होतो. संध्याकाळी बुखारीजवळ बसलं की त्यांची पोरं मोबाईलवर घरचे फोटो दाखवायची. बायको, मुलं, कुत्रा आणि मग मारलेलं अस्वल. हा सार्जंट दर वसंतात अस्वलाला जायचा. माणूस चांगला, बढाया न मारणारा. माझं इंग्रजी मोडकं, त्याचा धीर मोठा. दोन-तीन संध्याकाळी त्याने मला सगळं समजावून सांगितलं.

त्याचा हिशेब असा. हिवाळी झोपेतून आधी मोठे नर बाहेर पडतात. मग एकट्या माद्या. त्या हिवाळ्यात व्यालेल्या माद्या पिल्लं घेऊन सगळ्यात शेवटी. बाहेर आल्यावर पहिले काही दिवस अस्वल सुस्त असतं, खाणं जेमतेम, गुहेच्या आसपासच रेंगाळतं. त्यामुळे फार लवकर गेलात तर बर्फ तुडवून रिकाम्या हाताने परत. मग उन्हाच्या बाजूच्या उतारांवर पहिलं हिरवं गवत फुटतं, आणि अस्वलं गाईसारखी चरायला उघड्यावर येतात. हीच वेळ. झाडांना अजून पाला नसतो, म्हणून लांबून दिसतात. कातडं हिवाळ्याचं, दाट असतं. पण फार उशीर केलात तर अस्वल झाडाला, दगडाला अंग घासून केस घालवतं आणि कातडं भिकार होतं. पाला फुटला की दिसतही नाही. जूनच्या सुमाराला माजावर आलेले नर दिवसाढवळ्या फिरतात, पण तोवर कातड्याची किंमत उतरलेली असते. थोडक्यात, त्याच्याकडे मेचा मध्य ते अखेर, पाऊस पडून गेल्यावरची उबदार दुपार आणि अंधार पडायच्या आधीचे दोन-तीन तास.

मी त्याला विचारलं, मादी मारली गेली तर? तो म्हणाला, पिल्लांसोबतची मादी मारायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. म्हणून बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहायचं. नराचं डोकं रुंद, मान जाड, कान लहान आणि लांब लांब दिसतात. मादीचा चेहरा निमुळता, कान मोठे. शंका आली तर गोळी नाही.

ऐकायला चोख वाटतं. मलाही वाटलं होतं. हे ज्ञान घेऊन मी पुढच्या पोस्टिंगला गेलो आणि तिथे त्याची परीक्षा झाली.

२०२३ चा एप्रिल. कुपवाडा जिल्ह्यातली एक पोस्ट, नाव लिहिणार नाही. खाली गाव, मक्याची शेतं, अक्रोडाची झाडं. आदल्या सप्टेंबरात गावातल्या एका म्हाताऱ्या चाचाच्या मुलाला मक्यात अस्वलाने फाडलं होतं. काश्मिरीत अस्वलाला हापुत म्हणतात. त्या पोराचं नाव आता गावात कुणी घेत नव्हतं, 'हापुतवाला' म्हणूनच ओळखायचे. वय असेल बावीस. खालचा ओठ आणि अर्धा जबडा शिवलेला. पाणी पिताना कापड धरावं लागायचं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नाल्यापलीकडच्या उतारावर एक अस्वल रोज संध्याकाळी चरायला यायला लागलं. चाचा पोस्टवर आला. म्हणाला, "साहब, आत्ताच मारा. आत्ता ते अशक्त आहे, उघड्यावर आहे. मका उभा राहिला की ते तुम्हालाही दिसणार नाही आणि आम्हालाही." बघा, अलास्काचा सार्जंट आणि कुपवाड्याचा चाचा, दोघांचा मुहूर्त एकच निघाला.

पोस्ट कमांडर तरुण कॅप्टन होते. ते म्हणाले, कुणी गोळी चालवणार नाही, मी वन्यजीव खात्याला कळवतो. पण मला म्हणाले, हवालदार साहब, तोवर नजर ठेवा, काय आहे ते सांगा. मी दोन संध्याकाळी दुर्बीण लावून बसलो. रुंद डोकं, जाड मान, एकटं, बिनधास्त चरणारं. मला सार्जंटचे सगळे नियम आठवत होते. दुसऱ्या दिवशी मी खात्रीने रिपोर्ट दिला, "सर, नर आहे. मोठा आहे. एकटा आहे."

तिसऱ्या संध्याकाळी अंधार पडता पडता ते अस्वल उताराच्या कडेला असलेल्या देवदाराखाली जाऊन उभं राहिलं आणि झाडावरून दोन पिल्लं उतरली. मांजराएवढी. दोन दिवस ती वरच होती. आई चरते तेव्हा पिल्लांना झाडावर चढवून ठेवते, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि मान जाड दिसण्याचं कारणही नंतर कळलं. आपल्या हिमालयातल्या काळ्या अस्वलाच्या मानेभोवती लांब केसांची झालर असते, नरालाही आणि मादीलाही. कान तर दोघांचेही मोठे. सार्जंटचे नियम त्याच्या अस्वलाचे होते, आपल्या नव्हे.

आता ग्रुपवरच्या बंदूकबहाद्दरांनी मला एक सांगावं. मी वीस वर्षं नोकरी केलेला माणूस. दुर्बीण चांगली, वेळ भरपूर, घाई नाही, समोर उघडा उतार. तरी माझा रिपोर्ट साफ चुकला. कॅप्टन साहेबांनी माझ्या शब्दावर गोळीचा हुकूम दिला असता तर पुढचं सांगायला नको. ही पिल्लं ऐन थंडीत गुहेत जन्मतात, तेव्हा पावशेर-दीडपावाची असतात. पहिल्या वसंतात आई गेली तर ती उपाशी मरतात. तुम्ही ज्यांना लायसन द्या म्हणता, त्यातला किती जण दोन संध्याकाळी नुसता बघत बसेल? आणि तिसरी संध्याकाळ कोण थांबेल?

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने १९९९ मध्ये वसंतातली शिकार बंद केली, त्यात अनाथ पिल्लांचा मुद्दा मोठा होता. पुढे २०१४ पासून तिथे ती हळूहळू परत आली, हेही खरं आहे, लपवत नाही. कोलोराडोच्या मतदारांनी १९९२ मध्ये मतदान करून वसंतातली शिकार थांबवली. वॉशिंग्टन राज्यात २०२२ मध्ये हौशी शिकाऱ्यांसाठी ती बंद झाली. म्हणजे "अमेरिकेत चालतं" हे वाक्यच अर्धवट. काही राज्यांत चालतं, काही राज्यांनी चालवून बघून बंद केलं. जे चालवतात त्यांच्याकडे परवान्यांचा, मारलेल्या अस्वलांचा हिशेब आहे. अलास्काच्या बऱ्याच भागांत वसंतात मारलेल्या काळ्या अस्वलाचं मांस जंगलात टाकून येणं गुन्हा आहे. त्यांच्या खंडात काळी अस्वलं आठ लाखांच्या वर असल्याचा अंदाज आहे. आपलं काळं अस्वल जगाच्या यादीत धोक्यात आलेल्या जातींमध्ये मोडतं. ज्याची मोजदाद धड झालेली नाही, त्यातली किती मारायची हा आकडा तुम्ही कुठून आणणार?

पण माझा खरा मुद्दा याहून साधा आहे. सार्जंटचा हिशेब पुन्हा वाचा. लवकर का नाही? बर्फ असतो म्हणून. उशिरा का नाही? कातडं खराब होतं म्हणून. संध्याकाळीच का? अस्वल दिसतं म्हणून. त्या हिशेबात एकही ओळ माणसाच्या जीवाची नाही. त्याने तसा दावाही केला नव्हता. तो हौसेने शिकार करतो आणि तसं सरळ सांगतो. लबाडी आपली आहे. आपण फाटलेल्या चेहऱ्याचा फोटो पुढे करतो आणि मुहूर्त कातड्याचा काढतो.

माणसाच्या जीवाचा मुहूर्त काढायचा तर काश्मीरमध्ये अस्वल माणसाला कधी फाडतं ते बघा. चाचाचा मुलगा सप्टेंबरात, मक्यात. शेतकऱ्यांना विचारा, डॉक्टरांना विचारा. बहुतेक घटना उन्हाळ्यापासून शरदापर्यंतच्या. तुती आणि चेरी पिकते, मग मका उभा राहतो, मग सफरचंद, अक्रोड. अस्वलाला हिवाळ्यासाठी चरबी साठवायची असते आणि माणसाला पीक काढायचं असतं. दोघं एकाच शेतात, उंच मक्यात, पहाटे नाहीतर संध्याकाळी समोरासमोर येतात. दोन हातांवर अचानक माणूस दिसला की ते उभं राहतं आणि तोंडावर पंजा मारतं. एप्रिलमध्ये उतारावर गवत खाणारं अस्वल हे तेच सप्टेंबरातलं, याची खात्री कोण देणार? चाचाच्या मुलाला फाडणारं ते हेच, असं पोस्टवरही कुणी छातीठोक सांगू शकलं नाही. वसंतात गोळी घालून तुम्ही गुन्हेगार मारत नाही, जो समोर दिसतो त्याला मारता. फौजेत असं वागणाऱ्याला आपण काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत आहे.

"कायदा आमचे हात बांधतो," असंही लिहिलं जातं. कायदा वाचलाय का? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीला बंदी आहे, पण जनावर माणसाच्या जीवावर उठलं असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी हुकूम देऊन ते पकडायला, आणि दुसरा उपाय नसेल तर मारायला परवानगी देऊ शकतो. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने मारलं गेलं तर तो गुन्हा नाही. म्हणजे गरजेची वाट आहे. नाही ती फक्त हौसेची. आणि ती उघडली की पाठोपाठ कोण येईल तेही ऐका. अस्वलाच्या पित्ताशयाला परदेशात चोरट्या बाजारात मोठी किंमत आहे. आज आपल्याकडे कुणाच्या पिशवीत पित्ताशय सापडलं तर तो चोर, एवढं सोपं आहे. उद्या लायसनची शिकार सुरू झाली की प्रत्येक चोर म्हणेल, हे माझ्या परवान्यातलं.

मग चाचाच्या मुलाचं काय? हाच प्रश्न चाचाने विचारला. पिल्लं दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला दुर्बिणीतून दाखवली. मला वाटलं तो विरघळेल. तो विरघळला नाही. दुर्बीण परत दिली आणि म्हणाला, "हिला दोन आहेत. मला एकच होता." मी गप्प बसलो. आजही या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि हा लेख म्हणजे ते उत्तर आहे असा माझा दावा नाही.

पण जाता जाता त्याने पोस्टच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे आमच्या लंगरचा खड्डा होता. उरलेला भात, डाळ, मटणाची हाडं, कंडेन्स्ड मिल्कचे डबे. चाचा म्हणाला, "साहब, हापुत आधी तुमच्याकडे जेवतं, मग आमच्याकडे येतं."

हे मात्र मला लागलं. सार्जंटने सांगितलं होतं की त्यांच्याकडे काही ठिकाणी आमिष टाकून शिकार करायला परवानगी असते. पिंपात गोडधोड, तळणाचं तेल, शिळे पाव भरून ठेवायचे आणि अस्वलाला तिथे यायची सवय लावायची. मी तेव्हा हसलो होतो. आपण काय वेगळं करतो? आपण बाराही महिने आमिष टाकतो, फक्त त्याला खड्डा म्हणतो. एकटी फौजच नाही. जोशीमठच्या बाजूला, सोनमर्गला, यात्रेच्या वाटांवर, हॉटेलांच्या मागे हेच चाललं आहे. माणसाच्या वासाला जेवणाचा वास जोडून द्यायचा, आणि अस्वल जवळ आलं की त्याला नरभक्षक म्हणायचं.

आम्ही त्या मे महिन्यात खड्डा बुजवला. ओला कचरा झाकणाच्या पिंपात, पिंप कोठीत बंद. रिकामे डबे धुऊन, चेपून, उतरणाऱ्या गाडीत खाली. सुरुवातीला पोरांनी कुरकुर केली. लंगर कमांडर म्हणाला, आता काय अस्वलासाठी भांडी घासायची? कॅप्टन साहेबांनी एकदा स्वतः पिंप उचललं, मग कुरकुर थांबली. त्या उन्हाळ्यात पोस्टच्या तारेजवळ अस्वल येणं जवळपास बंद झालं. गावच्या मक्यात आलं. एकदम जादू झाली असं खोटं सांगणार नाही. पण गावकऱ्यांनी पाळीने मचाणावर जागरण केलं, डबे वाजवले, बायका गवताला एकट्या न जाता बोलत, घोळक्याने जायला लागल्या. आमच्या नर्सिंग असिस्टंटने 'हापुतवाल्या'ची भरपाईची कागदं गोळा करून दिली, कारण एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरताना ते पोर तोंडावर मफलर बांधून फिरायचं आणि दर वेळी कुणीतरी मफलर काढायला लावायचं. मी असेपर्यंत त्या गावात दुसरा चेहरा फाटला नाही. एका वर्षावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, तेवढं मलाही कळतं. पण त्या वर्षात गोळी एकही लागली नाही.

तर मित्रा, तू विचारलंस म्हणून वसंताचा मुहूर्त सांगतो. मार्चमध्ये, पहिला बर्फ वितळायच्या आत, अस्वल गुहेतून बाहेर पडायच्या आधी, पोस्टचा, ढाब्याचा, गावाचा खड्डा साफ झाला पाहिजे. त्यात दोन आठवड्यांचाही उशीर चालत नाही. भुकेलं अस्वल पहिल्यांदा जिथे पोट भरतं, ती जागा ते विसरत नाही. एप्रिलमध्ये उतारावर अस्वल दिसलं तर लांबून बघायचं, वाट बदलायची आणि आजूबाजूच्या झाडांवर नजर टाकायची. जूनच्या आत मचाणं बांधून व्हायला हवीत आणि जागरणाच्या पाळ्या ठरायला हव्यात. आणि भरपाई पीक निघायच्या आत हातात पडावी, पुढच्या वर्षी नव्हे. भांडायचंच असेल तर त्यासाठी भांडा. तुमच्या नावापुढे सुभेदार, कॅप्टन लागलेलं आहे, तुमचा अर्ज कचेरीत कुणी सहज बाजूला टाकणार नाही.

ग्रुपवर पुढच्या चैत्रात तो फोटो पुन्हा येईल. टाकणाऱ्याने एवढंच करावं, त्या माणसाचं नाव, गाव, भरपाई मिळाली की नाही, ते खाली लिहावं. ते माहीत नसेल तर फोटो टाकू नये. माझ्या मामाने आयुष्यभर फोटो काढू दिला नाही. कुणाच्या हौसेसाठी तो वापरला गेलेला त्याला तर मुळीच चालला नसता.

जय हिंद.